चेक इंजिनचा दिवा लागलाय आणि स्कॅनर नाही: घरच्या घरी काय काय तपासता येतं

चेक इंजिनचा दिवा लागला म्हणून इंटरनेटवर शोधलंत, तर पहिला सल्ला हमखास हाच मिळतो: पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट लावा. हा सल्ला अमेरिकेतला आहे. तिथल्या नियमांनुसार टाकीतून पेट्रोलची वाफ बाहेर गळते आहे का, हे गाडीने स्वतःच तपासायचं असतं, तेही साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्राइतक्या बारकाईने. त्यामुळे तिथे झाकण सैल राहिलं तरी दिवा लागतो. आपले प्रदूषणाचे भारत स्टेज (बीएस) नियम युरोपच्या धर्तीवर बेतलेले आहेत आणि आपल्याकडच्या बहुतेक गाड्या ही गळती मोजतच नाहीत. म्हणजे न्यू जर्सीतल्या भावाने आधी झाकण बघावं हे बरोबर, पण नाशिकच्या बहिणीचा दिवा झाकणामुळे लागला असण्याची शक्यता कमी. घट्ट करायला पाच सेकंद लागतात, तेव्हा करून टाका. मात्र त्यावर विसंबून आठवडाभर गाडी पळवू नका.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. २०१० साली बीएस-४ बरोबर आपल्याकडच्या गाड्यांत ओबीडी ही स्वतःवर लक्ष ठेवणारी यंत्रणा आली आणि एप्रिल २०१३ पासून तिचा दुसरा टप्पा लागू झाला. दिवा लागतो तेव्हा गाडीच्या संगणकाने, म्हणजे ईसीयूने, एक कोड साठवलेला असतो. तो वाचायला स्कॅनर लागतो. नुसत्या डोळ्यांनी तो कोड कळणार नाही. पण गाडी चालवायची की जागेवर थांबवायची हे ठरवता येतं, चार-पाच साधी कारणं फुकटात बाद करता येतात आणि मेकॅनिककडे जाताना नेमकी माहिती हातात असते. दिवा लागण्याआधीच्या दोन-चार दिवसांत गाडीच्या बाबतीत काय बदललं, हा एक प्रश्न या सगळ्यात सर्वांत जास्त कामाला येतो.

आधी दिवाच नीट बघा

इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा म्हणजे चेक इंजिन. ऑइलच्या कॅनचा लाल दिवा किंवा तापमानाचा लाल दिवा ही वेगळी गोष्ट आहे. यातला एकही लागला तर पुढचं वाचत बसू नका. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि मदत मागवा. ऑइलचं प्रेशर गेल्यावर पुढच्या चौकापर्यंत गाडी नेणंसुद्धा इंजिनाच्या जिवावर बेतू शकतं.

पिवळा दिवा स्थिर आहे की लुकलुकतोय? स्थिर असेल, गाडी नेहमीसारखी चालत असेल, आवाज-वास काही वेगळा नसेल, तर घाबरण्यासारखं नाही. सांभाळून, जोरात न पळवता घरी किंवा गॅरेजला जाता येतं. दिवा लुकलुकत असेल आणि इंजिन थरथरत असेल, तर इंजिन मिसिंग करतंय. एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जळत नाही, ते तसंच सायलेन्सरकडे जातं आणि धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं. कन्व्हर्टर लाल होईपर्यंत तापू शकतो, आतली जाळी वितळते आणि जे काम ठिणगी पाडणाऱ्या एका स्पार्क प्लगमध्ये भागलं असतं ते पाच आकडी बिलावर जातं. अशा वेळी अॅक्सिलरेटरवरून पाय काढा. दिवा स्थिर झाला तर अगदी हळू, जवळच्या सुरक्षित जागेपर्यंत जा. लुकलुकणं थांबत नसेल तर टोचन मागवा. आणि तापलेली गाडी वाळक्या गवतावर उभी करू नका.

आता इंजिन बंद करून चावी फक्त ‘ऑन’पर्यंत फिरवा, सेल्फ मारू नका. पुश बटणाची गाडी असेल तर ब्रेक किंवा क्लच न दाबता बटण दोनदा दाबा. चेक इंजिनचा दिवा आता लागलाच पाहिजे आणि दोष नसलेल्या गाडीत इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. चावी ऑन करूनही तो लागत नसेल, तर दिवा खराब आहे किंवा कोणीतरी मुद्दाम काढून टाकलाय. जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा ही तपासणी विसरू नका. विकणाऱ्याने सांगितलेल्या गोष्टींपेक्षा ती जास्त खरं बोलते.

काय बदललं?

पेट्रोल भरल्यानंतर पहिल्या वीस-तीस किलोमीटरमध्ये दिवा लागला आणि पिकअप गेला, तर संशय पेट्रोलवर घ्या. पावसाळ्यात पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी गेलं, तर इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये प्रकरण लवकर बिघडतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. गाडीचा पंपही तळातूनच ओढतो. टाकी भरलेली असेल तर ‘चांगलं पेट्रोल वरून घालू’ हा उपाय फार काही करत नाही; टाकी रिकामी करून घ्यावी लागते. बिल जपून ठेवा आणि काढलेलं थोडं पेट्रोल पेट्रोलसाठीच असलेल्या धातूच्या डब्यात, मेकॅनिकच्या हातून, घेऊन ठेवा. पंपावर फिल्टर पेपरची आणि घनतेची तपासणी मागायचा ग्राहकाला हक्क आहे. पुढच्या वेळी मागून बघा.

सर्व्हिसिंग करून आणल्याच्या दुसऱ्या दिवशी दिवा लागला, तर आधी सर्व्हिसिंगमध्ये हात लागलेल्या जागा बघा. एअर फिल्टरचा डबा उघडा. फिल्टर कडेने नीट बसलाय का, डब्याच्या क्लिपा सगळ्या लागल्यात का, डब्याजवळच्या सेन्सरचा कपलर, म्हणजे वायरीचा प्लॅस्टिकचा जोड, पूर्ण आत गेलाय का, ते पाहा. कपलर बसला की ‘टक’ असा आवाज येतो. अर्धवट बसलेला कपलर दिसायला अगदी ठीक दिसतो, म्हणून चावी बंद ठेवून प्रत्येक कपलर बोटाने दाबून बघायचा. ऑइलची पट्टी पुसून, पुन्हा घालून पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे याची खात्री करा. ऑइल कमी असलं तर आजकालच्या इंजिनांतली व्हॉल्व्हच्या वेळा बदलणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावर चालत असल्याने तीही कुरकुरते. ऑइल भरायचं झाकण आणि पट्टी दोन्ही घट्ट बसलेली हवीत. काही गाड्यांत तिथून हवा आत गेली तरी आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीचं संथ चालणारं इंजिन, बिघडतं.

गाडी पाण्यातून काढली, किंवा वॉशिंगवाल्याने बॉनेट उघडून प्रेशरने इंजिन धुतलं, तर पाणी प्लगच्या खोल विहिरीत जाऊन बसलेलं असतं. इंजिन थंड झाल्यावर प्लगवरची कॉइल (ठिणगीसाठी जोराची वीज देणारा भाग) उपसून आत टॉर्चने उजेड टाका. पाणी दिसलं तर प्लग खोलायच्या आधी ते कापडाने टिपून किंवा हवा मारून काढा, नाहीतर प्लग निघताच ते सिलिंडरमध्ये जाईल. गाडी साचलेल्या पाण्यात बंद पडली असेल तर सेल्फ मारायचाच नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग चेक इंजिन ही सगळ्यात लहान अडचण ठरते.

गाडी बरेच दिवस जागेवर उभी होती? मग उंदीर. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, विशेषतः पावसाळ्यात, इंजिनाची ऊब त्यांना आवडते. बॉनेट उघडा, टॉर्च घेऊन सावकाश बघा. बॅटरीच्या मागे, इनटेकच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांच्या) खाली, पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरकडे जाणाऱ्या वायरिंगवर, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) आवरणावर. लेंड्या, कुरतडलेला फोम, उष्ट्या शेंगांची टरफलं ही त्यांची खूण. वायर पूर्ण तुटलेलीच असेल असं नाही. वरचं प्लॅस्टिक खाल्लेलं असतं आणि आतला तांब्याचा धागा गंजून हिरवा पडलेला असतो. गाडी हलली की दोष येतो, थांबली की जातो. वायर जोडायची झाली तर बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून, सोल्डर करून, वर तापवल्यावर आवळणारी हीट श्रिंक स्लीव्ह चढवून जोडा. सेन्सरच्या वायरीला नुसता पीळ देऊन टेप गुंडाळला तर तो जोड एक पावसाळाही काढणार नाही. पिवळ्या आवरणाच्या वायरी एअरबॅगच्या असतात आणि हायब्रिडमधल्या नारिंगी वायरींत शेकडो व्होल्ट असतात. या दोन रंगांना हात लावायचा नाही. उंदीर पळवायला तंबाखूची पानं, डांबरगोळ्या यांवर माझा फार विश्वास नाही. गाडी दर दोन-तीन दिवसांनी हलवणं आणि आत खाऊ न सांडणं याचा उपयोग जास्त.

उभ्या गाडीची बॅटरीही उतरते आणि अशक्त बॅटरी सेन्सरांबद्दल खोट्या तक्रारी निर्माण करते. दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर घरात असावाच. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी चांगली असेल तर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ यायला हवेत. नव्या गाड्यांत अल्टरनेटर गरजेप्रमाणे चार्ज करतो, तेव्हा आकडा थोडा इकडेतिकडे झाला तर लगेच अल्टरनेटर बदलू नका. टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने साफ करा आणि कोरडं करून घट्ट आवळा.

यातलं काहीच घडलं नसेल, तर एक-दोन बारीक गोष्टी बघून टाका. इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटची पातळी. गरम रेडिएटरचं झाकण कधीच उघडायचं नाही. ज्या गाड्यांत तापमानाचा काटा नसतो त्यांत थंड इंजिनाचा निळा दिवा असतो. तो आठ-दहा मिनिटं गाडी चालवूनही विझत नसेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रोखून धरणारी झडप) उघडा अडकलेला असू शकतो, आणि तेवढ्यानेही चेक इंजिन लागतं. फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आत नकाशा असतो. इंजेक्शन आणि सेन्सर हीटरचे फ्यूज काढून बघा, जळालेला असेल तर तेवढ्याच अॅम्पियरचा घाला. तो पुन्हा उडाला तर मोठा घालण्याचा मोह टाळा.

सीएनजीची गाडी असेल तर आधी हे करा

पुण्या-मुंबईत निम्मी उत्तरं इथेच मिळतात. गाडी पेट्रोलवर टाका आणि दोन-तीन दिवस फक्त पेट्रोलवर चालवा. टाकीतलं पेट्रोल ताजं हवं. सीएनजीवाले महिनोन्महिने पाच लिटर पेट्रोल तसंच ठेवतात आणि मग पेट्रोलवरही गाडी रडते, म्हणजे चाचणीच फुकट जाते.

पेट्रोलवर इंजिन गुळगुळीत आणि सीएनजीवर झटके, असं असेल तर दोष सीएनजीच्या बाजूला असू शकतो: फिल्टर तुंबलाय, रेड्यूसरचा (टाकीतल्या गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाचा) दाब घसरलाय, किंवा बाहेरून बसवलेल्या किटमध्ये इंजेक्टरच्या वायरी कापून केलेला जोड सैल झालाय. पण यात एक मेख आहे. सीएनजी पेटवायला ठिणगी जास्त जोराची लागते. म्हणून झिजलेला प्लग किंवा म्हातारी कॉइल पेट्रोलवर निमूट चालते आणि सीएनजीवर मिसिंग करते. किटवाल्याकडे जाऊन रेड्यूसर बदलण्याआधी प्लग काढून बघा. सीएनजीच्या गाडीला प्लग लवकर बदलावे लागतात हे बिलात कोणी लिहीत नाही.

दोन्ही इंधनांवर सारखाच त्रास असेल तर पुढचा भाग वाचा.

मिसिंग नेमक्या कुठल्या सिलिंडरमध्ये?

स्कॅनरशिवाय खरं निदान करता येतं ती ही जागा. हे फक्त साध्या पेट्रोल इंजिनासाठी आहे, ज्यात प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असते आणि इंजेक्टर इनटेकवर बाहेरून दिसतात. डिझेल किंवा थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या टर्बो इंजिनात इंजेक्टरला हात लावू नका.

इंजिन आणि चावी बंद करून पहिल्या सिलिंडरच्या इंजेक्टरचा कपलर काढा. इंजिन चालू करा, दहा-पंधरा सेकंद ऐका, बंद करा, कपलर परत लावा. असंच दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्याला. चांगल्या सिलिंडरचा कपलर काढला की इंजिन आणखी थरथरतं. ज्याचा काढूनही काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नाहीये. जुने मेकॅनिक यासाठी चालू इंजिनावर प्लगची वायर उपसायचे. तसं करू नका: हाताला जोराचा झटका बसतो आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जातं. इंजेक्टर बंद केला तर पेट्रोलच जात नाही.

सापडलेल्या सिलिंडरची कॉइल आता शेजारच्या सिलिंडरच्या कॉइलशी अदलाबदल करा. बहुतेक गाड्यांत ती १० नंबरच्या एका बोल्टवर असते. पुन्हा तीच चाचणी घ्या. दोष शेजारी सरकला तर कॉइल गेली. जागेवरच राहिला तर आता प्लगची अदलाबदल करा. तरीही तिथेच असेल तर इंजेक्टर, वायरिंग किंवा कॉम्प्रेशन, आणि ते गॅरेजचं काम.

प्लग थंड इंजिनातूनच काढायचा. इंजिनाचं डोकं (सिलिंडर हेड) अॅल्युमिनियमचं असतं, गरम असताना आटे जातात. परत बसवताना हाताने चार-पाच आटे सहज फिरल्याशिवाय पाना लावायचा नाही. प्लगचं टोक बिस्किटी रंगाचं असेल तर छान. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा ठिणगी कमी आहे, ओलसर काळा म्हणजे ऑइल, आणि पांढराफटक म्हणजे हवा जास्त किंवा इंजिन फार तापतंय.

पांढरा प्लग, वर-खाली होणारी रेस (इंजिन फिरण्याचा वेग) आणि बॉनेटखालून ‘सुस्स’ असा आवाज, हे तिन्ही एकत्र आले तर रबरी पाइप तडकून चोरवाटेने हवा आत जातेय. रबराच्या नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं टोक पाइपांच्या जोडांवरून फिरवा. गळतीपाशी आवाज एकदम मोठा होतो. संशयाच्या जागी स्प्रेच्या बाटलीने साध्या पाण्याचा बारीक फवारा मारला आणि रेस क्षणभर बदलली, तर जागा पक्की. यूट्यूबवर यासाठी कार्ब क्लीनर मारताना दाखवतात. तापलेल्या सायलेन्सरजवळ तो भडकतो, घरी नको. चालू इंजिनावर काम करताना बाही, ओढणी, गळ्यातली साखळी बेल्टपासून लांब ठेवा. रेडिएटरचा पंखा तर काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होतो.

डिझेलवाल्यांसाठी थोडक्यात: एकदम पिकअप जाऊन काळा धूर आणि शिट्टीसारखा आवाज येऊ लागला तर टर्बोचा पाइप निसटलाय का बघा, बऱ्याचदा नुसती क्लिप सुटलेली असते. २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, वेगळा दिवा लागला असेल तर गावातल्या छोट्या फेऱ्यांमुळे काजळी साठलीय. मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर एका वेगात पंधरा-वीस मिनिटं चालवा. तो दिवा आणि चेक इंजिन दोन्ही लागले असतील तर ती वेळ गेली, सरळ गॅरेज.

बॅटरी काढून दिवा घालवू नका

पाच मिनिटं बॅटरीची वायर काढली की दिवा जातो, हे अनेक गाड्यांत खरं आहे. पण त्याबरोबर कोड जातो आणि दोष आला त्या क्षणी इंजिनाचं तापमान, वेग, रेस किती होती ही साठवलेली नोंदही जाते. मेकॅनिकला लागणारा पुरावा आपणच पुसतो. वर आयडलिंग, पॉवर विंडो, म्युझिक सिस्टिमचा कोड यांचा ताप वेगळा. दोष खरा असेल तर दिवा परत येतोच.

दुरुस्ती बरोबर झाली असेल तर थांबलं तरी चालतं. दोष न दिसता लागोपाठ तीन ड्रायव्हिंग सायकल पूर्ण झाल्या की दिवा आपोआप विझतो. ड्रायव्हिंग सायकल म्हणजे थंड इंजिन सुरू करून, नीट तापेपर्यंत, थोडा संथ थोडा वेगात असा प्रवास. कोपऱ्यावरून दूध आणलं म्हणजे सायकल झाली नाही. कोड मात्र मेमरीत पुढेही बराच काळ, साधारण चाळीस वेळा इंजिन तापून थंड होईपर्यंत, राहतो.

स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये तार घालून दिवा ‘बोलका’ करायचे व्हिडिओ फिरतात. काही जुन्या एमपीएफआय (सुरुवातीच्या काळातल्या इंजेक्टरच्या) गाड्यांत वेगळ्या कपलरवर तशी सोय होती. १६ पिनांच्या सॉकेटमध्ये मात्र सोळाव्या पिनेवर बॅटरीचे १२ व्होल्ट कायम असतात आणि चौथी-पाचवी पिन अर्थिंगची. चुकीच्या दोन पिना जोडल्या गेल्या तर कमीत कमी फ्यूज उडेल, नशीब वाईट असेल तर ईसीयू. त्यापेक्षा साध्या ब्लूटूथ डोंगलला, म्हणजे मोबाइलवर कोड दाखवणाऱ्या छोट्या स्कॅनरला, हजार-बाराशे रुपये मोजा. सोसायटीत चार जणांनी मिळून एक घेतलं तरी पुरतं.

गॅरेजला जाताना कागदावर लिहून न्या: दिवा कधी लागला, स्थिर होता की लुकलुकत, इंजिन थंड होतं की गरम, पेट्रोलवर की सीएनजीवर, त्याआधी काय केलं होतं, आणि तुम्ही काय काय काढून-लावून पाहिलंत. इंजेक्टरचे कपलर काढून चाचणी घेतली असेल तर ते नक्की सांगा, कारण त्याचे कोडही आता मेमरीत असतील आणि मेकॅनिक उगाच चांगल्या इंजेक्टरमागे लागेल. त्याने स्कॅनर लावला की कोडचा फोटो काढून घ्या. ‘ऑक्सिजन सेन्सर’ असं स्क्रीनवर आलं म्हणून सेन्सर लगेच बदलायला होकार देऊ नका. सेन्सर अनेकदा फक्त तक्रार कळवत असतो. हवेची गळती, मिसिंग किंवा उंदराने खाल्लेली वायर यांपैकी काही आहे का ते आधी बघितलंत का, हे विचारा आणि त्याने ते दाखवल्यावरच पार्ट मागवायला सांगा.